लांबून कळत नाही

१९ जानेवारीला रक्ताच्या जुन्या स्लाइडांच्या पेट्या रिकाम्या करायला घेतल्या. मुदत संपलेली स्लाइड ठेवायची नाही असा नियम आहे, आणि नियम नसता तरी कपाटात जागा नाही. एकेक स्लाइड काढायची, नंबर बघायचा, हायपोच्या, म्हणजे जंतुनाशकाच्या, बादलीत सोडायची. या कामाला डोकं लागत नाही, हात लागतात. तरी मी ते दुसऱ्याला देत नाही. दुसरा हातमोजे न घालता करतो, आणि मग बोट कापलं म्हणून मलाच दाखवायला येतो.

तिसऱ्या पेटीत मॅडमची स्लाइड निघाली.

मॅडम बोलण्याआधी हात लावायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दंड धरून बोलणारी, बोलता बोलता पाठीवर थाप मारणारी. मॅडमचं तसं नव्हतं. त्या तळवा सरळ पुढे करायच्या, पोलीस गाडी थांबवतो तसा. समोरच्यानं गोंधळून आपला तळवा त्याला लावला की म्हणायच्या, "हं. आता बोल. लांबून कळत नाही."

माझी ओळख झाली तोवर त्यांना कुणालाही हात लावायची मनाई झाली होती. सवय मात्र गेली नव्हती. तळवा पुढे यायचा आणि बोटभर अंतरावर थांबायचा. "लावला समज," असं म्हणून त्या हात मागे घ्यायच्या.

मी काम करते ती लॅब उस्मानपुऱ्यात आहे. शेजारी औषधाचं दुकान, वर दातांचा दवाखाना. सकाळी सातपासून उपाशी पोटी आलेल्यांची रांग लागते. उपाशी माणूस चिडका असतो, म्हणून मी आधीपासूनच चिडकी राहते. इथं कुणी रडायला लागलं तर मी खुर्ची देते, पाणी देते आणि पुढचा नंबर घेते. मागच्यालाही घरी जायचं असतं.

मॅडमची आणि माझी गाठ भांडणातूनच पडली. त्यांचं नाव आमच्या कॉम्प्युटरमध्ये जुनं होतं, रक्तगट बी पॉझिटिव्ह. त्या दिवशीच्या नळीतलं रक्त निघालं ओ पॉझिटिव्ह. माणसाचं वजन बदलतं, पत्ता बदलतो, लग्नानंतर आडनाव बदलतं. रक्तगट बदलत नाही. म्हणजे नळ्यांची अदलाबदल. मी नईमला धरलं. नईम आमच्याकडे सॅम्पल घेतो. त्याचा हात हलका आहे आणि तोंड त्याहून हलकं. "ताई, कसम से, नळी इनकीच है," म्हणत त्यानं आईपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांच्या शपथा घेतल्या. मी नळी टाकून दिली आणि मॅडमना परत बोलावलं. पुन्हा ओ. मग पुढच्या वेळी मी स्वतःच सुई घेऊन उभी राहिले.

मॅडम मास्कच्या आत हसत होत्या. हसताना त्यांचे खांदे हलायचे, त्यावरून कळायचं.

"किती काढशील गं? आणि काढतेस तेही माझं नाही."

"मग कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

मी सुई खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. रक्ताचा कॅन्सर झाला होता. पुण्याला नेऊन त्यांच्या हाडांतला मगज औषधांनी जाळून काढला आणि त्या जागी धाकट्या भावाचा मगज दिला. तो रुजला. आता अंगात तयार होणारं सगळं रक्त भावाच्या पेशी बनवत होत्या, म्हणून गटही भावाचा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते असं चप्पल काढून आमच्या खुर्चीत येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

"हे आधी सांगायचं ना मॅडम."

"तू विचारलंस कुठं? तू त्याला झापत होतीस. मला मजा येत होती."

मग मलाच नईमला चहा पाजावा लागला. तो त्यानं औषधाच्या दुकानातल्या पोरांसमोर प्यायला, सावकाश.

त्यानंतर मॅडम दर गुरुवारी यायच्या. सोबत सर असायचे, म्हणजे त्यांचे यजमान. दोघं एकाच ज्युनियर कॉलेजात, मॅडम जीवशास्त्र शिकवायच्या, सर रसायन. आता दोघंही निवृत्त. सर दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नम्रपणे मास्क वर घ्यायला सांगायचे. रांग कमी झाली की मॅडम शिकवायला लागायच्या. वर्ग सुटला होता, खोड सुटली नव्हती.

मी जन्मभर पेशी मोजल्या. कोणती किती टक्के, एवढंच मी बघते. त्या एकमेकींना ओळखतात कशा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मॅडम म्हणाल्या, पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. अंगातल्या एवढ्या गर्दीत आपलं कोण आणि परकं कोण हे पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशीला एकाच प्रकारे कळतं. जवळ जाऊन चिकटायचं. आधी ढिली पकड, सोडायची तयारी ठेवून. मग चाचपायचं. समोरचीनं अंगावर काय धरलंय, ते आपल्या खाचेत बसतं का ते बघायचं. बहुतेक वेळा बसत नाही. मग सोडायचं आणि पुढची धरायची. एखादीचं बसलं की मात्र पकड घट्ट होते. मधोमध ओळख पटवणारे रेणू गोळा होतात आणि त्यांच्याभोवती धरून ठेवणाऱ्यांचं कडं तयार होतं.

"शिक्क्यासारखं," त्या म्हणायच्या. "मधे ओळख, भोवती पकड. मग दोघी तासन् तास हलत नाहीत."

वर्गात त्या हे खडूनं शिकवायच्या. एक खडू मोडायचा, अर्धा स्वतःच्या मुठीत ठेवायचा. मग आणखी खूप खडू मोडून वर्गात वाटायचे आणि त्यांत पहिल्याचा दुसरा अर्धा मिसळून द्यायचा. मुलांचे डोळे रुमालानं बांधायचे. एकेकानं यायचं, आपला तुकडा मॅडमच्या तुकड्याला लावून बघायचा, नाही जुळला की पुढे जायचं. जुळला की मॅडम दोन्ही हातांभोवती रबरबँड चढवायच्या आणि मुलाला विचारायच्या, कसं कळलं? मूल म्हणायचं, बसला मॅडम. "बसला ना? बघून कळलं असतं का? लांबून कळत नाही." एकदा त्यांनी आमच्या लॅबमध्ये हा खेळ नईमवर केला. उरलेले खडू माझ्याकडे राहिले. मी ते सुट्टीची पाटी लिहायला वापरून संपवले.

नईमनं तेव्हा विचारलं होतं, "और मॅडम, आपल्याच माणसाला गैर समझ लिया तो?"

"तर घर पेटवतात," मॅडम म्हणाल्या. "माझ्यात तेच चालू आहे. बापूच्या पेशींना माझं अंग परकंच आहे. सगळं जुळतं म्हटलं तरी बारीकसारीक फरक राहतोच. म्हणून त्यांना गुंगवायची गोळी घेते. नाहीतर चाचपत चाचपत मलाच धरतील."

बापू म्हणजे भाऊ. त्याची गोष्ट मला एका दिवशी नाही कळली. एका गुरुवारी थोडी, पुढच्या गुरुवारी थोडी, दंडाला पट्टा बांधलेला असताना.

मॅडम देवगाव रंगारीच्या, शेतीवाडीच्या घरातल्या. आई लवकर गेली, बापूला मॅडमनीच वाढवलं. त्याला झोपताना अक्काचा कान धरायला लागायचा. पुढे मॅडम शिकल्या, शहरात नोकरीला लागल्या आणि सरांशी नोंदणी करून लग्न केलं. सर बौद्ध. वडिलांनी मुलीचं नाव टाकलं. वडील गेल्यावर बापू यायला लागला. दर हिवाळ्यात हुरड्याची पिशवी घेऊन, दारापर्यंत. मोटारसायकल रस्त्यावर चालू ठेवायचा. आत ये म्हटलं की म्हणायचा, "घाई हाय अक्का, गाडी चालू हाय." पाणी आणलं तर आत्ताच पिलो. इतक्या वर्षांत त्या घरात त्यानं पाण्याचा थेंब घेतला नाही. भांडला नाही, वाकडं बोलला नाही. फक्त गाडी बंद केली नाही.

आणि मगज जुळला तो याचाच. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यानं काही विचारलं नाही, शर्टाची बाही वर केली. पुण्याला सरांनी खोली घेतली होती. बापू तिथं राहिला नाही. बाहेर जेवायचा, स्वतःची बाटली सोबत ठेवायचा. मॅडम काचेच्या खोलीत, तो काचेबाहेर.

"दारातून आत यायला त्याला तीस वर्षं जमलं नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि पिशवीतून आत यायला दुपार पुरली."

त्यावर मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माझं एकच मागणं आहे गं. त्यानं एकदा गाडी बंद करावी. आत यावं, पाणी प्यावं. बाकी या रक्ताचं काय व्हायचं ते होऊ दे."

रक्ताचं वाईटच झालं. तेव्हाची स्लाइड मीच आधी पाहिली. जिथं एकही नको तिथं कॅन्सरच्या त्या मोठ्या, कच्च्या पेशी पुन्हा दिसायला लागल्या होत्या. आमच्या डॉक्टरांना दाखवली, ते बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात. पुण्याच्या डॉक्टरांनी ठरवलं, भावाच्या पांढऱ्या पेशी आणखी मागवायच्या आणि मॅडमची गोळी थांबवायची. जाग्या राहून त्यांनीच कॅन्सरच्या पेशी शोधायच्या, धरायच्या, मारायच्या. त्याआधी बापूच्या काही तपासण्या हव्या होत्या. त्या आमच्याकडे ठरल्या.

एका सकाळी लॅबसमोर मोटारसायकल थांबली आणि चालूच राहिली. धूर सरळ आत. नईम सांगून आला. "बोल रहा, दोन मिनटाचं काम हाय, चालू राहू द्या." मग मी बाहेर गेले.

"आत उपाशी लोक बसलेत. बंद करा ती."

पन्नाशीचा गडी, पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल. माझ्याकडे बघून त्यानं किल्ली फिरवली. नाव सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा बापू.

फॉर्म त्यानं हात लांब करून धरला, मग खिसा चाचपला. "चष्मा घरीच राहिला ताई. सही कुठं करू तेवढं दाखवा." मी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली. सुई टोचेपर्यंत ठीक होता. नळीत स्वतःचं रक्त चढताना बघितलं आणि पांढरा पडला. रांगडी माणसंच अशी पडतात, नाजूक बायका पडत नाहीत. मी त्याला मागे टेकवलं आणि माठातलं पाणी दिलं. घटाघटा प्याला.

"लई गार हाय पाणी."

मग त्याची नजर माझ्या कोटावरच्या नावाच्या पट्टीवर गेली. छापील पट्टी, मुंगीएवढी अक्षरं. तो बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मी पडेगावची, आम्हीही बौद्ध. आमच्या भागात आडनाव वाचलं की माणूस वाचून होतो, जवळ जायची गरज राहत नाही. तो क्षण मला पाठ आहे. कुणी ग्लास ठेवून देतो, कुणाला एकदम उशीर होतो, कुणी फार गोड बोलायला लागतो. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

त्यानं ग्लासच्या काठावरून अंगठा फिरवला. मग ग्लास पुढे केला.

"अजून एक द्या ताई."

मी दिला. दुसरा त्यानं सावकाश प्याला. उठून रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, अक्काला सांगा, येऊन गेलो. मी म्हटलं, घर मागच्या गल्लीतच आहे, तुम्हीच सांगा. "नाय, घाई हाय." गाडी सुरू करून तो गेला.

गुरुवारी मी मॅडमना सांगितलं की तुमचा भाऊ आमच्या माठातलं पाणी प्याला, आणि माझ्या हातचं. मॅडम इतक्या हसल्या की मास्क हनुवटीवर आला. सरही हसले. मी सरांना हसताना पाहिलं ते तेवढंच. "त्याला बोलू नकोस हं," मॅडम म्हणाल्या, "आधी पेशी देऊ दे." दुसऱ्या ग्लासचं मी बोलले नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही. माणसाला तहान लागते.

पेशी दिल्या आणि त्या लागू पडल्या. त्या महिन्यांत मॅडमची स्लाइड मी इतर सगळं बाजूला ठेवून आधी बघायचे. कच्च्या पेशी कमी होत गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. बापू आत शिरून एकेकीला धरत होता.

आणि त्याच हिवाळ्यात बापू गेला. अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. मॅडमना कळवलं तेव्हा राख सावडून झाली होती. आजारी आहेत, गर्दीत कशाला, असं गावाकडून कारण आलं. कारण चांगलं होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. म्हणूनच मॅडमना त्यावर काही बोलता आलं नाही.

त्या गुरुवारी त्या नेहमीच्या वेळी आल्या. मी रक्त घेतलं. नळी ठेवायला वळले तर म्हणाल्या, दे जरा इकडं. हातमोजा काढून त्यांनी ती तळव्यावर घेतली, मूठ मिटली.

"बापूचा आज दहावा," त्या म्हणाल्या. "आणि हे गरम आहे."

मी त्यांच्या मुठीतून नळी काढून घेतली आणि तिच्यावर त्यांच्या नावाचं लेबल लावलं. दुसरं काय करणार होते? पण खोटं सांगत नाही, त्या दिवसापासून ती नळी मला वेगळी लागायची. मेलेल्या माणसाच्या पेशी मी दर गुरुवारी मोजत होते. भरपूर होत्या. तरतरीत होत्या. लोकांकडे तेरावा झाला की माणूस संपतो. हा संपत नव्हता, हा टक्क्यांत वाढत होता.

मग त्या पेशींनी मॅडमनाच धरलं. आधी तळवे लाल झाले, भाजल्यासारखे. मग तोंडात फोड आले, डोळे कोरडे पडले, हातावरची कातडी ताणली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. गोळी रक्तात किती पोचते ते तपासायला आम्ही सॅम्पल पुण्याला पाठवतो. एकदा आकडा नगण्य आला. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. या वेळी मी नईमला झापलं नाही. सरांना औषधाच्या दुकानात पाठवलं आणि मॅडमसमोर स्टूल ओढून बसले.

"गोळी घेत नाही तुम्ही."

त्यांनी नाकारलं नाही. बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला. तोंड सारखं कोरडं पडायचं म्हणून सतत घोट घोट प्यायच्या.

"गोळी घेतली की तो गप्प होतो," त्या म्हणाल्या.

"मग होऊ द्या गप्प."

"तू म्हणशील. तुझ्या अंगात तुझीच माणसं आहेत."

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं. पेशीला नातं कळत नाही, जात कळत नाही. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, परीक्षेत हाच प्रश्न मी काढायचे. मग त्यांनी मला तळवे दाखवले. कातडी सोलून निघत होती.

"पण पडल्या पडल्या हे पेटतं ना, तेव्हा मोटारसायकल चालू असल्यासारखं वाटतं. आत, इथं. तो दारात उभा आहे. घर आपलं की परक्याचं, भिंती चाचपून बघतोय. त्याला गुंगवून दारातच झोपवू का मी? एवढा आलाय तर एकदा बघू दे ना नीट. पटलं तर पटलं."

"आणि नाही पटलं तर?"

त्यांनी हिशोब करून ठेवला होता, हे मला दिसलं. मरायची तयारी असलेली माणसं मी पाहिली आहेत. ती एक तर रडतात नाहीतर भांडतात. मॅडम वाट बघत होत्या.

तेव्हा मला तो दुसरा ग्लास आठवला.

मी सांगितलं. पहिला ग्लास त्यानं न बघता प्याला. मग माझ्या पट्टीकडे बघितलं. चांगलं बघितलं. आणि मग स्वतः ग्लास पुढे करून दुसरा मागितला.

मॅडम हलल्याच नाहीत.

"मागून घेतला?"

"मागून. 'अजून एक द्या ताई,' म्हणाला."

"गाडी?"

"बंद होती." आणि खरं ते खरं म्हणून मी पुढे म्हटलं, "मीच बंद करायला लावली होती."

त्या हसल्या, रडल्या, की डोळे कोरडे असल्यामुळे नुसतेच चुरचुरले, मला सांगता येणार नाही. सर परत आले तेव्हा त्यांनी पर्समधून गोळीची पट्टी काढली आणि सरांना म्हणाल्या, झाकण उघडून द्या हो बाटलीचं, माझी बोटं वळत नाहीत. गोळी त्यांनी माझ्यासमोर गिळली. पुढच्या वेळी आकडा बरोबर आला, त्याच्या पुढच्या वेळीही.

तळवे बरे झाले. पाऊसकाळ बराचसा निघाला. त्या सुमारास एका गुरुवारी जाताना मॅडमनी हातमोजा काढला आणि तळवा पुढे केला, पोलिसासारखा. बोटभर अंतरावर तो थांबला नाही. मी म्हटलं, मनाई आहे ना? त्या म्हणाल्या, "लाव. 'लावला समज' म्हणून म्हणून कंटाळा आला." मी माझा हातमोजा काढला. त्यांचा हात खडूसारखा कोरडा होता. आधी ढिला, मग घट्ट.

त्यानंतर न्यूमोनिया झाला. सर एकटे लॅबमध्ये आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, आता गुरुवारचं सॅम्पल नाही. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पुढचा नंबर घेतला.

कॉम्प्युटरमध्ये मॅडमचं नाव टाकलं की अजून लाल अक्षरं येतात, रक्तगट जुळत नाही. ती काढायची सोय आहे. नईम काढत नाही, मीही सांगत नाही.

लॅबसमोर कुणाची मोटारसायकल चालू राहिली की मी बाहेर जाते. धुरासाठी जाते. पण जाताना दर वेळी पांढरा शर्ट दिसेल असं वाटतं, आणि त्याच्यामागून तो फॉर्म आठवतो. हात लांब करून धरलेला. चष्मा घरीच राहिला ताई.

चष्म्याशिवाय त्यानं माझी पट्टी वाचली का? तुम्ही म्हणाल, विचारून घ्यायचं. कुणाला विचारू? मी मॅडमना सांगितलं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यानं पट्टीकडे पाहिलं, हे खरं. दुसरा ग्लास मागितला, हे खरं. या दोन्हींच्या मधे त्याच्या मनात काय झालं, ते मी तीन हातांवरून बघत होते.

हे सगळं त्या एका स्लाइडनं उकरून काढलं. स्लाइड बापूनं दुसऱ्यांदा पेशी दिल्यानंतरची होती. काचेवर नाव मॅडमचं, रक्त बापूचं, आणि दोघंही नाहीत. हात पुसून मी ती मायक्रोस्कोपखाली लावली. रंग जरा उतरलाय, पण पेशी स्पष्ट आहेत. कडेला दोन पांढऱ्या पेशी एकमेकींना लागून होत्या. स्मिअरमध्ये अशा दोन दिसल्या तर त्याला काही अर्थ नसतो. काचेवर रक्त ओढताना त्या सरकून एकत्र येतात. हे मी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तरी मी फोकस मागेपुढे करून बराच वेळ त्यांच्या मधली रेघ शोधत होते. सापडली नाही. स्लाइड टेबलाच्या कडेला ठेवली, बाकीच्या पेट्या उरकल्या आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले आणि ती स्लाइड हायपोत सोडली. मग कोटावरची नावाची पट्टी काढली, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि स्लाइडवर नंबर टाकायच्या मार्करनं माझं नाव लिहिलं. आडनावासकट, मोठ्या ठळक अक्षरांत, चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता येईल असं. नईम आला, बघितलं, म्हणाला, "ताई, ये क्या, दुकानाची पाटी?" मी म्हटलं, रांग घे.

पहिला नंबर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. माठातून ग्लास भरला, त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले, आणि तो पुढे धरून थांबले.